पहिल्या पावसानंतर बोअरला गढूळ पाणी: रेझिन भरूनही गळती परत का येते आणि कशी थांबवायची

निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की एक तक्रार हमखास येते. बोअरचं पाणी अचानक गढूळ झालंय, ड्रिपचा डिस्क फिल्टर तासातासाला धुवावा लागतोय आणि घरच्या टाकीच्या तळाला बोटभर गाळ बसलाय. त्यातल्या बऱ्याच बोअरना आदल्या वर्षीच केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपाभोवती, रेझिन (ओतल्यावर घट्ट होऊन फट बुजवणारा द्रव) भरलेलं असतं. उन्हाळाभर पाणी स्वच्छ होतं, मग आताच काय झालं, असा प्रश्न पडतो.

उन्हाळ्यात पाणी स्वच्छ होतं म्हणून दुरुस्ती टिकली असं धरू नका. तेव्हा गळायला वर पाणीच नसतं. दुरुस्तीची खरी परीक्षा पहिल्या पावसाला होते आणि बहुतेक ठिकाणी ती तिथेच फसते. रेझिन हा माल वाईट नाही. गळतीची जागा नक्की न करताच ते ओतलं जातं, हे फसण्याचं मोठं कारण आहे. म्हणून डबा उघडण्याआधी पाणी नेमकं कुठून शिरतंय ते शोधा.

गाळ बाटलीत बघा

पारदर्शक एक लिटरच्या तीन बाटल्या घ्या. मोटार सुरू केल्याबरोबर एक भरा, दहा मिनिटांनी दुसरी, तासाभराने तिसरी. वेळ लिहून रात्रभर न हलवता ठेवा.

सकाळी तळाशी काळसर, बोटाला चिकट लागणारा गाळ असेल तर ती वरची काळी माती आहे. पाणी जमिनीलगत, केसिंगच्या बाहेरून किंवा वरच्या एखाद्या सांध्यातून शिरतंय. पिवळट-तपकिरी, बोटात खरखरणारे कण म्हणजे मुरूम. हा बहुधा केसिंगच्या खालच्या टोकाजवळून येतो. विटेसारखा लाल रंग दिसला आणि सकाळीही पाणी लालसरच राहिलं, तर तो दोन कातळांच्या थरांमधला गेरूचा पट्टा आहे. तो सहसा केसिंगच्या बराच खाली असतो आणि तिथे रेझिनचा काही उपयोग नाही. पांढरे किंवा हिरवट तुकडे मांजऱ्या (पोकळ्या असलेल्या) खडकाच्या पोकळ्यांमधले असतात. त्यांचा गळतीशी संबंध नाही, मोटारीपुढे गाळणी नीट ठेवली की झालं.

तीन बाटल्यांमधला फरकही बोलका असतो. पहिली गढूळ आणि तासाभराची स्वच्छ असेल तर मोटार सुरू होताना पातळी झपकन खाली जाते आणि बोअरची भिंत सुटते. तिन्ही सारख्याच गढूळ असतील आणि पाऊस थांबल्यावर दोन-चार दिवसांत पाणी आपोआप निवळत असेल, तर वरून पाणी शिरतंय हे जवळपास नक्की.

पुढची चाचणी मिठाची. केसिंगभोवती एक फूट खोल गोल चर काढा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) मोजून ठेवा. मोटार चालू ठेवून २०० लिटर पाण्यात २ किलो साधं मीठ विरघळवा आणि ते चरात हळूहळू सोडा. दर पाच मिनिटांनी टीडीएस मोजत राहा. तासाला १०,००० लिटर देणाऱ्या बोअरमध्ये हे सगळं मीठ तासाभरात उतरलं तर आकडा सुमारे २०० ने वाढतो, अर्धं उतरलं तर १०० ने. म्हणजे ५० ने जरी वाढला तरी वरचा रस्ता मोकळा आहे. वाढायला किती वेळ लागला तेही लिहा. पाच-दहा मिनिटांत वाढला तर वाट सरळ केसिंगला लागून आहे. चर द्राक्षाच्या ओळीपासून लांब असू द्या आणि चाचणीचं पाणी ड्रिपमध्ये न सोडता बाहेर काढा.

आकडा हलला नाही तर मोटार वर काढून कॅमेरा सोडावा लागतो. मोटार काढल्यावर निदान २४ तास बोअर शांत ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यात धुक्याशिवाय काही दिसत नाही. पाण्याच्या पातळीच्या वरचा भाग जास्त महत्त्वाचा. सांध्यांवर ओलसर ओघळ, मातीची रेघ, केसिंग संपतं तिथली कपार, यांचे फूट लिहून घ्या. कॅमेरा लगेच मिळत नसेल तर दुपारी ऊन डोक्यावर असताना आरशाने उजेड आत टाका. ५०-६० फुटांपर्यंत ओघळ चांगले दिसतात आणि पाणी पडत असल्याचा आवाजही येतो.

गळती होते कशी

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. बोअर पाडणारा गाडीवाला वरचा पोकळ थर मोठ्या बिटाने पाडतो, त्यात १८० मिमीचं पीव्हीसी केसिंग सोडतो आणि पुढे साडेसहा इंचाने, म्हणजे १६५ मिमीने, खाली जातो. केसिंग आणि बाहेरच्या मातीमधल्या फटीत बोअरचाच चुरा ढकलला जातो. चुरा म्हणजे सील नव्हे, त्यातून पाणी आरामात उतरतं. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मेमध्ये केसिंगच्या कडेने हात जाईल एवढी भेग पडलेली असते आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने केसिंगचे वरचे सांधेही ढिले होतात. केसिंगच्या जागी पाइपलाइनचा ४ किलोचा पातळ पाइप वापरला असेल तर तो सांध्याजवळ तडकतोच. केसिंग आयएस १२८१८ (बोअरच्या पीव्हीसी केसिंगचं भारतीय मानक) चं असावं आणि मुरूम संपल्यावर पक्क्या कातळात पाच-सात फूट घुसलेलं असावं. पाइप वाचवण्यासाठी केसिंग मुरमातच सोडलेले बोअर मात्र खूप आहेत, आणि हट्टी गळती बहुतेक तिथलीच असते.

भरलेलं रेझिन का सुटलं

बाजारात केसिंगभोवती भरतात ते बहुतेक पाण्यावर फुगणारं पॉलियुरेथेन असतं. त्याचे दोन प्रकार आहेत. एक पाणी शोषून जेलसारखं होतं आणि ओलं असेपर्यंतच फुगलेलं राहतं. दुसऱ्याला सुरू व्हायला पाणी लागतं, पण घट्ट झाल्यावर त्याचा फेस पाणी धरत नाही. सततच्या ओलीत, तळघराच्या भिंतीत वगैरे, पहिला प्रकार चांगलं काम करतो. बोअरच्या वरच्या पाच-दहा फुटांत मात्र एप्रिल-मेमध्ये माती कोरडीठाक होते, जेल आकसतं आणि केसिंगपासून सुटतं. पाऊस आल्यावर ते पुन्हा फुगायला वेळ घेतं, तोवर पाणी खाली पोचलेलं असतं. दरवर्षी गळती उलटते ती अशी. वरच्या भागात पॉलियुरेथेन वापरायचंच असेल तर दुसऱ्या प्रकारचं घ्या आणि डब्यावर तसं लिहिलंय का ते बघून घ्या.

दुसरं कारण खोलीचं. वरून ओतलेलं रेझिन दोन-तीन फुटांवर अडकून घट्ट होतं, गळती असते साठ फुटांवर. वरचं तोंड बंद झालं म्हणून मुरमातून आडवं येणारं पाणी थांबत नाही.

इपॉक्सीच्या बाबतीत चूक बहुतेक मापाची असते. डब्यावर रेझिन १०० ला हार्डनर (त्याला घट्ट करणारा द्रव) ५०, असं वजनाने लिहिलेलं असतं आणि माणूस मगाने दोनास एक मोजतो. रेझिन जड असतं, हार्डनर हलका. १०० मिलि रेझिन ११५ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ५० मिलि हार्डनर ४९ ग्रॅम. म्हणजे हार्डनर सरळ १५ टक्के कमी पडला. असं मिश्रण आठवडाभरानेही चिकटच राहतं आणि नंतर पाण्याबरोबर सुटून येतं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणंही तितकंच चुकीचं, त्यानेही मिश्रण कमकुवत राहतं. पातळ करायला थिनर तर अजिबात घालू नका. तो उडून गेला की बारीक छिद्रं राहतात आणि बाकीचा पाण्यात उतरतो.

तेलाच्या आणि वायूच्या विहिरीत रेझिन दाबाने भरून गळती थांबवतात, मग बोअरमध्ये तसंच का करत नाही, असं विचारलं जातं. तिथला प्रश्न वेगळा आहे. त्या विहिरीत स्टीलचं केसिंग आणि खडक यांच्यामध्ये आधीच सिमेंट असतं. दाब आणि तापमान बदलून सिमेंट आणि स्टीलमध्ये केसाएवढी फट पडते आणि त्यातून वायू वर चढतो. सिमेंटचे कण त्या फटीच्या तोंडाशीच अडकतात, पाणी पुढे जातं आणि कण मागे राहतात. रेझिनमध्ये कणच नसतात, त्यामुळे ते आत शिरतं. तळाच्या तापमानाप्रमाणे हार्डनर निवडतात आणि थांबून थांबून दाब देतात. स्टील तो दाब सोसतं. आपल्या बोअरमध्ये फट केसाएवढी नसते, इंचाची असते, आणि केसिंग पीव्हीसीचं. तिथे दाब दिला तर केसिंग आत चेपतं. त्या कामातलं एकच सूत्र आपल्या कामाचं आहे: मोठी जागा सिमेंटने भरायची आणि सिमेंट जिथे चिकटत नाही तेवढ्याच जागी रेझिन वापरायचं. सिमेंट पीव्हीसीला धड चिकटत नाही आणि वाळताना किंचित आकसतं. इपॉक्सीचं काम तेवढंच.

केसिंगच्या टोकाची गळती: आतून दुसरा पाइप

उदाहरणाला केसिंग ६० फुटांवर संपलंय आणि पक्का कातळ ६५ ला लागतो असा साडेसहा इंची बोअर घेऊ. यात १२५ मिमी बाहेरमापाचा पाइप वरपासून ८५ फुटांपर्यंत सोडायचा आणि त्याच्या बाहेरची फट ८० फुटांपासून वर भरत यायची. पाइप चाळणी नसलेला, आटे असलेला, सांध्यावर न फुगणारा घ्या. बेल काढलेला पाइप वाटेत अडकतो.

आधी मोटार कोणती ते बघा. व्ही-४ (चार इंची) मोटार या पाइपात उतरते, पण केबल पाइपला नीट बांधलेली हवी. व्ही-६ (सहा इंची) उतरत नाही, तेव्हा हा उपाय बाद. मग त्याच पाइपाचा १० फुटी तुकडा दोरीला बांधून ८५ फुटांपर्यंत सोडून बघा. बोअर वाकडा असेल तर तो तिथेच अडकेल आणि सगळी मेहनत वाचेल.

काम पाणी ८५ फुटांच्या खाली असताना करा, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये. फट कोरडी असली की रेझिन आपल्या वजनाने उतरतं. फटीत पाणी असेल तर ते खाली जायला फारच वेळ लावतं, हातपंपाने ढकलावं लागतं आणि पाण्याखाली घट्ट होणारा फेनाल्कामाइन हार्डनर लागतो. हा काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनतो. ओलीत तो साध्या हार्डनरपेक्षा कितीतरी भरवशाचा आहे, म्हणून भिंत नुसती ओलसर असली तरी तोच मागा. पिण्याच्या पाण्याशी संपर्क चालेल असं प्रमाणपत्र दुकानदाराकडून बघून घ्या.

पाइपाच्या ८० ते ८२ फुटांच्या दरम्यान येणाऱ्या भागावर ६ मिमी जाड रबरी शीटच्या तीन-चार चकत्या बसवा. बाहेरचा व्यास १७५ मिमी, आतलं भोक पाइपावर घट्ट बसेल एवढं. दोन चकत्यांमध्ये दोन-दोन इंच अंतर आणि खालून-वरून क्लॅम्प. पाइप खाली जाताना चकत्या कडेने वर दुमडतात आणि वरून वजन आलं की वाटीसारख्या भिंतीला दाबल्या जातात. त्या उलट्या दुमडल्या तर माल खाली सांडतो, म्हणून पाइप एकदा सोडला की वर ओढू नका.

चकत्यांच्या वर दोन फूट पाइप ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, इपॉक्सीचा हात द्या आणि ओला असतानाच त्यावर कोरडी बारीक वाळू मारा. एक दिवस सुकू द्या. गुळगुळीत पीव्हीसीवर रेझिनची पकड कमी असते, वाळूच्या खरखरीत थरावर ती पक्की होते. हे एक पाऊल बहुतेक जण गाळतात आणि तिथेच पुन्हा पाणी झिरपतं.

पाइप मधोमध राहावा म्हणून दर २० फुटांवर पीव्हीसीच्या १५ मिमी जाडीच्या तीन पट्ट्या तीन बाजूंना बांधा. पाइपाबरोबर दोन नळ्या टेपने बांधून खाली सोडायच्या: ड्रिपची १२ मिमी साधी लॅटरल, तिचं तोंड चकत्यांच्या फूटभर वर, आणि १६ मिमी साधी लॅटरल, तिचं तोंड चार फूट वर. ड्रिपर असलेली लॅटरल चालत नाही, ती जागोजागी गळते. १६ मिमीची टेप हलकी मारा, ती नंतर वर खेचायची आहे. पाइप वर क्लॅम्पने टांगून ठेवा, तळावर टेकवू नका.

आधी चकत्यांवर चार-सहा इंच २-३ मिमीची धुतलेली, पूर्ण सुकवलेली वाळू वरून हळूहळू सोडा, मूठमूठ. एकदम ओतली तर पट्ट्यांजवळ पूल बांधते. एवढी वाळू २ लिटरच्या आत भरते, त्याहून जास्त टाकली तर नळीचं तोंड बुजेल.

आता रेझिन. १६५ आणि १२५ मधली फट मीटरला ९.१ लिटर, म्हणजे फुटाला २.८ लिटर घेते. दीड फूट जाडीचा थर ४.२ लिटर, कपारीसाठी वाढवून ६ लिटर. ८० फूट लॅटरलमध्येच पावणेदोन ते दोन लिटर मावतं आणि त्यातलं बरंच आत चिकटून राहतं, म्हणून ८ लिटरची तयारी ठेवा. हे दोन लिटर हिशेबात न धरल्यामुळे थर फूटभरच होतो, असं फार वेळा घडतं.

रेझिन पातळ, ५०० सेंटिपॉइजच्या (दाटपणाचं माप) आसपासचं घ्या. या नळीतून ४ लिटर उतरायला बारा-तेरा मिनिटं लागतात. दुप्पट दाट घेतलं तर वेळही दुप्पट. म्हणून एकदम ८ लिटर कालवू नका, ४ लिटरच्या दोन घाण्या करा. दहा अंश तापमान वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, आणि बादलीत खोल साठलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने आणखी लवकर धरतं. मेमधल्या दुपारी चार लिटरची बादली हातातच धूर सोडू शकते. पहाटे सहाला सुरू करा, डबे आदल्या रात्री सावलीत गार जागी ठेवा आणि कालवल्यावर मिश्रण पसरट घमेल्यात घ्या. जानेवारीत निफाडच्या थंडीत उलटं होतं: रेझिन डब्यातच दाट होतं आणि नळीतून उतरत नाही. तेव्हा डबे कोमट पाण्यात ठेवून मग उघडा. बोअरच्या आत तापमान वर्षभर साधारण २५ अंशांच्या आसपास असतं, तिथे घट्ट होण्याची चिंता नाही. अडचण वरच्या बादलीची आहे.

माप वजनकाट्यावर. कालवणं कमी वेगाच्या ड्रिलने तीन-चार मिनिटं, कडा आणि तळ खरवडून. मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा एक मिनिट, कारण पहिल्या भांड्याच्या कडांना न कालवलेलं राहतंच. कालवलेल्यातलं अर्धा कप एका वाटीत घेऊन त्याच बोअरच्या पाण्यात बुडवून ठेवा. हा नमुना दुसऱ्या दिवशी नखाने दबला तर सिमेंट भरू नका, थांबा. तिसऱ्या दिवशीही चिकट असेल तर माप चुकलंय. त्यावर पुढचं काम चढवलं तर ते वाया जाईल. हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांना चष्मा. हार्डनर कातडीला लागून एकदा ॲलर्जी धरली की पुढे वासानेही पुरळ येतं. पॉलियुरेथेन असेल तर तोंडाला योग्य फिल्टरचा मास्क आणि काम उघड्यावरच.

रेझिन कडक झालं की सिमेंट. ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी, त्याची ४१ लिटर राड होते. ८० फुटांची फट २२२ लिटर, २५ टक्के वाढवून २७८, म्हणजे ७ गोण्या. राड बारीक जाळीतून गाळून १६ मिमी नळीतून सोडा, नाहीतर एका गुठळीने नळी बंद होते.

इथे एक धोका आहे. या राडेचं वजन लिटरला १.८३ किलो. ८० फूट एकदम भरली तर तळाशी पाइपावर बाहेरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.५ किलोचा दाब येतो. आतला पाइप रिकामा असतो आणि सिमेंट तापल्याने पीव्हीसी थोडं मऊही पडतं. पाइप आत चेपतो आणि मग ना मोटार उतरत, ना पाइप निघत. म्हणून २० फुटांचे टप्पे करा. एका टप्प्याला साधारण पावणेदोन गोण्या लागतात आणि दाब १.१ किलोच्या आसपास राहतो. टप्पा भरत येईल तशी नळी वर खेचा, शेवटी तोंड भरलेल्या पातळीच्या दोन फूट वर ठेवून थोडक्या पाण्याने धुवा, आणि पुढचा टप्पा निदान १२ तासांनी.

एका टप्प्याला हिशेबाच्या दीडपट माल गेला तरी फट भरत नसेल तर बाहेर मोठी कपार आहे. ओतत राहू नका. तो टप्पा तिथेच थांबवा, १२ तासांनी त्यावर थोडी वाळू सोडा आणि मग पुढे जा.

वरचं तोंड

बाटलीत काळी माती असेल तर आतला पाइप न घालताही भागतं. केसिंगभोवती चारही बाजूंनी दोन फूट आणि चार फूट खोल खड्डा घ्या. त्या खोलीत एखादा सांधा उघडा पडला आणि तो तडकलेला असेल तर कोरडा करून, खरवडून, फायबर ग्लासची पट्टी इपॉक्सीत भिजवून तीन वेढे द्या, सांध्याच्या वर-खाली सहा-सहा इंच.

खड्ड्याच्या तळाचे दीड फूट बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि मातीचं घट्ट मळलेलं मिश्रण, तीन-तीन इंचांचे थर ठोकून. बेंटोनाइट साधी पावडर घ्या. अर्थिंगसाठी मीठ-कोळसा घातलेलं जे कंपाउंड मिळतं ते बोअरजवळ नको. बेंटोनाइट वर आणू नका, कोरडं पडलं की तेही भेगाळतं. त्याच्या वर काँक्रीट, १:१.५:३. काँक्रीट येणार त्या उंचीवर केसिंगला वाळू-इपॉक्सीचा खरखरीत पट्टा मारा आणि मध्यावर पाण्याने फुगणारी रबरी पट्टी एक वेढा गुंडाळा. पट्टीभोवती काँक्रीट निदान दोन-तीन इंच हवं, नाहीतर फुगताना तेच फोडते. राहिलेला खड्डा मुरमाने भरा, निघालेली काळी माती परत टाकू नका. उघड्या बोअरमध्ये मुलं पडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या निर्देशांत केसिंगभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा कट्टा सांगितलाय, निम्मा जमिनीवर, निम्मा खाली. गळतीसाठी तो याहून मोठा आणि बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असावा. केसिंगचं तोंड पूर रेषेच्या वर. गोदाकाठ आणि कादवाकाठच्या शेतांत हे आधी बघा.

मोटार सोडण्यापूर्वी

शेवटच्या टप्प्यानंतर सात दिवस थांबा. मग बोअर धुवून घ्या आणि घरात पाणी वापरत असाल तर क्लोरीन द्या. १६५ मिमी बोअरमध्ये मीटरला २१ लिटर पाणी असतं. ६० मीटर पाणी म्हणजे सुमारे १,२८० लिटर, त्याला ३३ टक्क्यांची २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. पावडर बादलीत कालवून, निवळी वरून सोडा. १२ तासांनी मोटार चालवून क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी बाहेर काढा. हे पाणी बागेला देऊ नका. त्यानंतर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या: कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिमध्ये शून्य आणि गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत हवा, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो.

मिठाची चाचणी पुन्हा करा, त्याच मापाने. आकडा हलला नाही तर गळती बंद. हलला पण पूर्वीपेक्षा उशिरा हलला, तर टोकाची वाट बंद झालीय आणि वरची उघडी आहे. तेव्हा वरच्या तोंडाचं काम राहिलंय असं समजा.

बाटलीत लाल गेरू असेल, कॅमेऱ्यात केसिंग चेपलेलं दिसत असेल, किंवा दहा फुटी तुकडा खाली जात नसेल तर रेझिनवर एक रुपयाही घालू नका. गेरूसाठी त्या पट्ट्याच्या पलीकडेपर्यंत पूर्ण पाइप घालावा लागतो आणि चाळणीचा भाग फक्त पाण्याच्या झऱ्यांसमोर ठेवतात. चेपलेला बोअर सोडून नवीन घेतलेला परवडतो. पण जुना तसाच उघडा ठेवू नका. वरचं सगळं घाण पाणी त्यातूनच नव्या बोअरच्या झऱ्यांत जाईल. तळापासून वरपर्यंत खडी, वाळू आणि मातीने भरा, वरच्या २० फुटांत सिमेंटची राड ओता आणि मगच नव्याची गाडी बोलवा.